सुरुंगांच्या कुंपणातला मेंढा

फॉकलंड बेटांवरची लढाई संपल्यावर एनॉक स्केल्टनच्या घरात जे सामान शिल्लक राहिलं, त्यातलं बहुतेक उपयोगी पडलं. तोफगोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांत त्याच्या बायकोच्या, व्हेल्माच्या, कोंबड्या अंडी घालायला लागल्या. तोफा झाकायची हिरवी जाळी तिनं कोबीच्या वाफ्याला वाऱ्याच्या बाजूनं बांधली. पितळेचं एक जाड नळकांडं दाराला टेकू म्हणून बसलं. पळून जाताना अर्जेंटिनाचा एक लेफ्टनंट आपली दुर्बीण स्वयंपाकघरात विसरला होता. व्हेल्मानं ती आधी पिठाच्या डब्यात लपवली, आणि इंग्रज सैन्य येऊन पुढे गेल्यावर खिडकीत अडकवली.

जे उपयोगाचं नव्हतं ते उचलता येत नव्हतं. घराखालच्या दरीत, ओढ्यापासून रस्त्यापर्यंत, अर्जेंटिनाच्या पोरांनी सुरुंग पेरले होते. भर पावसात, हातमोजे नसलेल्या हातांनी, मागून अधिकाऱ्याच्या शिव्या खात. मोठे सुरुंग गाड्यांसाठी आणि छोटे माणसांसाठी. सगळे प्लॅस्टिकचे, त्यामुळे शोधायच्या यंत्राला सापडत नाहीत. इंग्रज सैन्यानं दोन जागी हात घालून पाहिला, एका शिपायाचा पाय गेला, मग त्यांनी दरीभोवती तारा ओढल्या, तारांवर लाल त्रिकोण टांगले आणि काम थांबवलं. दरीतलं गवत मात्र त्या वर्षी फॉकलंडमध्ये कुठे नव्हतं इतकं वाढलं.

एनॉक बासष्ट वर्षांचा होता. तीस वर्षं तो मेंढ्यांच्या मळ्याच्या या टोकाच्या घरात राहून मळेवाल्या कंपनीची मेंढरं राखत होता. घर कंपनीचं, घोडा कंपनीचा, चुलीत जळणारं पीट, म्हणजे वाळवलेल्या चिखलाच्या विटा, तेही कंपनीच्या दलदलीतलं. त्याचं स्वतःचं काय, तर बायको, खोगीर आणि फर्न नावाची काळीपांढरी कुत्री. म्हातारा झालेला मेंढपाळ घर सोडून राजधानीच्या गावी, स्टॅनलीला, जातो, ही तिथली रीत. स्टॅनलीत व्हेल्माच्या बहिणीच्या घरी एक मागची खोली होती. व्हेल्मा त्या खोलीला ‘पेटी’ म्हणायची.

मे महिन्यात, तिथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, लढाईला वर्ष होत आलं असताना, वादळात दरीच्या कुंपणाचे दोन खांब पडले आणि बिशप आत गेला. मेंढ्या फळवण्यासाठी न्यूझीलंडहून बोटीनं आणलेला हा मेंढा. चालायचा असा, की जणू मागून कुणीतरी त्याचा झगा धरला आहे. त्याच्या मागे चार मेंढ्याही गेल्या.

मळ्याचा मॅनेजर बार्कवर्थ सकाळीच घोड्यावरून आला. सोबत तारा पाहायला आलेला सैन्याचा सार्जंट ल्यूइन होता.

“किती दिवस झाले?” बार्कवर्थनं विचारलं.

“परवापासून,” एनॉक म्हणाला. “चरतायत मजेत.”

“म्हणजे परवापासून मेंढरं आत फिरतायत आणि काही उडालं नाही.” बार्कवर्थ सार्जंटकडे वळला. “मग आत आहे काय?”

सार्जंटनं नकाशा काढला. तो शत्रूनंच शरण येताना दिलेला. “यात इथं फक्त मोठे सुरुंग दाखवलेत. मोठा सुरुंग गाडीखालीच फुटतो, मेंढराच्या पायानं नाही. पण या नकाशावर विसंबून मी माझी सासूसुद्धा आत पाठवणार नाही.”

“कुत्रं?”

“कुत्र्यांबद्दल मला हुकूम नाही, साहेब. माणूस मी जाऊ देणार नाही.”

फर्न एनॉकच्या पायाशी बसून मेंढ्याकडे पाहत होती. सार्जंटनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “काय गं, तुमच्या बेटावर एक झाड नाही. तुम्ही तंगडी वर करता तरी कशावर?”

“ती बाई आहे,” एनॉक म्हणाला. “कुत्रे करतात ते. शिपायांच्या बुटांवर.”

सार्जंट हसला. बार्कवर्थ हसला नाही.

“चे, एनॉक,” तो म्हणाला. बेटावरचे लोक एकमेकांना असंच म्हणतात, जवळीक दाखवायची असली की. “या मेंढ्याशिवाय यंदाचा हंगाम गेला. हंगाम गेला तर मला घरं कमी करावी लागतील. मी तुझं नाव घेत नाहीये.”

“घेतलंत की.”

“मेंढा बाहेर आण. जोवर काम करतोस तोवर हे घर तुझं. व्हेल्मासमोर सांगतो.”

व्हेल्मा दारात उभी होती. ती म्हणाली, “कुत्रीला विचारलंत का?” ती आत गेली आणि खिडकीतून दुर्बीण लावून उभी राहिली.

एनॉकनं तोंडात दोन बोटं घातली. फर्न तारेखालून आत गेली.

तिला तो शिट्टीनं चालवायचा. आखूड दोन शिट्ट्या म्हणजे डावीकडून, चढत जाणारी एक म्हणजे उजवीकडून, लांब सपाट शिट्टी म्हणजे जिथं आहेस तिथं खाली पड. शेवटची शिकवायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि कुत्र्याची किंमत तिच्यावरूनच ठरते. फर्न सपाट शिट्टीवर पळता पळता अशी पडायची की गवतात दिसेनाशी व्हायची.

तिनं मेंढरांना लांबून वळसा घातला. ज्या वाटेनं मेंढरं आत गेली होती, त्याच वाटेनं तिनं त्यांना हळूहळू मागे आणलं. चार मेंढ्या पडलेल्या खांबांवरून उड्या मारून बाहेर आल्या. बिशप तारेपासून वीसेक पावलांवर थांबला, मागे वळला, डोकं खाली घालून फर्नसमोर उभा राहिला आणि पाय आपटायला लागला.

मेंढा असा वळला की कुत्र्याला खाली पडायला लावायचं, नाहीतर धडक बसते आणि बरगड्या मोडतात. एनॉकनं हे तीस वर्षं केलं होतं. विचार न करता त्यानं लांब सपाट शिट्टी दिली.

फर्न पडली. तिचं पाऊल जिथं पडलं नव्हतं तिथं तिचं अंग पडलं.

आवाज फार मोठा नव्हता. एक पोतं वरून टाकावं तसा. बिशप दचकून वळला आणि सरळ पळत बाहेर आला. बार्कवर्थनं त्याला शिंगांना धरून आडवा केला.

धूर गेल्यावर फर्न दिसली. मागचे दोन्ही पाय नव्हते. पुढच्या पायांनी ती एनॉककडे सरकायला लागली होती, आडवाटेनं, जिथून मेंढरं आली नव्हती तिथून.

“थांबव तिला,” सार्जंट म्हणाला. “दुसऱ्यावर जाईल.”

एनॉकनं पुन्हा तीच सपाट शिट्टी दिली. फर्न थांबली आणि हनुवटी जमिनीला टेकवून त्याच्याकडे पाहत राहिली.

“मी करू?” सार्जंटनं रायफल खांद्यावरून काढली.

“माझी बंदूक घोड्याला आहे,” एनॉक म्हणाला आणि ती आणायला गेला. तो येईपर्यंत फर्न हलली नाही. हलू नको असं सांगितलं होतं. गोळी एकच लागली.

बार्कवर्थ तेव्हा बिशपच्या मांड्यांमध्ये हात घालून चाचपत होता. “दोन्ही शाबूत आहेत,” तो म्हणाला.

फर्न तिथंच राहिली, तिला आणायला जायचं कसं? मोठे तपकिरी ससाणे आधी आले, मग समुद्री पक्षी. व्हेल्मानं दुर्बीण खिडकीतून काढून पुन्हा पिठाच्या डब्यात ठेवली.

हिवाळा संपताना बार्कवर्थ आला. चहा घेतला, केकचे दोन तुकडे खाल्ले.

“तुम्ही सांगितलं होतंत,” एनॉक म्हणाला, “काम करतो तोवर घर माझं.”

“सांगितलं होतं. काम कर की. कशानं करणार? कुत्रं नाही तुझ्याकडे.”

“पिल्लू घेतो.”

“तयार व्हायला दोन वर्षं. तेव्हा तू किती वर्षांचा? अन् तेव्हा तरी तुला शिट्टी नीट वाजवता येईल का?” त्यानं टोपी घातली. “नवा पोरगा येतोय. दोन कुत्री आणि मोटरसायकल आहे त्याच्याकडे. कोबी ठेवून गेलीस तरी चालेल, व्हेल्मा.”

व्हेल्मानं कोबी उपटून कोंबड्यांना घातले. कोंबड्या शेजारच्या मळ्यावर दिल्या. जाळी तिनं चुलीत घातली. ती जळली नाही, नुसती वितळली. मग दोघं पेटीत राहायला गेली.

स्टॅनलीत एनॉकला काम मिळालं ते सैन्याकडे. सुरुंगांच्या कुंपणांची डागडुजी: पडलेले खांब उभे करायचे, तारा ताणायच्या, वाऱ्यानं उडालेले त्रिकोण पुन्हा टांगायचे. बेटाचं वारं आणि खांब त्याला माहीत होते, आणि गावात बसून राहणं त्याला जमत नव्हतं. जीपमधून तो कुंपणामागून कुंपण फिरायचा. लेफ्टनंटची दुर्बीण त्याच्या गळ्यात असायची.

पुढच्या मे महिन्यात त्याची पाळी त्या दरीवर आली. ओढ्याच्या बाजूला एक खांब कलला होता, तार खाली लोंबत होती आणि तिला लोकर अडकली होती. आत, गवतात पोटापर्यंत बुडून, बिशप उभा होता. फार लांब नव्हता. गवत संपलं, किंवा मनात आलं, तर आला तसा बाहेर आला असता.

एनॉकनं खांब सरळ केला, भोवती दगड ठोकले, तार ताणली आणि गाठ मारली.

तो दुसरी गाठ मारत असताना बार्कवर्थ घोडा पळवत आला. “काय करतोयस? मेंढा आत आहे!”

“दिसला.”

“सोड ती तार!”

“सैन्याची आहे. सार्जंटना सांगा. ते माणूस जाऊ देत नाहीत.”

“नवा पोरगा कुत्री द्यायला तयार नाही. म्हणतो, फर्नचं ऐकलंय त्यानं.” बार्कवर्थ घोड्यावरून उतरला. त्याचा आवाज खाली आला. “चे, एनॉक. तू निदान शिट्टी तरी मार. तुझी शिट्टी ओळखतो तो.”

“मेंढा शिट्टी ऐकत नाही, साहेब,” एनॉक म्हणाला. “कुत्रं ऐकतं.”

त्यानं हत्यारं उचलून जीपमध्ये टाकली.

हिवाळाभर बिशप आत जगला. उन्हाळ्यात त्याला कातरायला कुणी गेलं नाही, लोकर वाढत गेली, पावसानं भिजून जड झाली. एका सकाळी एनॉक कुंपण पाहायला आला तेव्हा मेंढा एका खळग्यात पाठीवर पडला होता. असं पडलेलं लोकरीचं जनावर आपल्याआपण उठत नाही. कुणीतरी जाऊन उलटवावं लागतं. एरवी ते एका हाताचं काम.

एनॉकनं दुर्बीण लावली. चारही पाय वर होते आणि हलत होते. दिवसभर त्यानं त्या बाजूचे खांब तपासले. संध्याकाळी निघताना पुन्हा दुर्बीण लावली. पाय अजून हलत होते, पण सावकाश. त्यानं दुर्बीण जीपमध्ये ठेवली, आणि शेवटच्या खांबाची तार एकदा हातानं ओढून पाहिली. घट्ट होती.