राजघराण्याच्या लग्नात आम्ही मुलीकडचे

शिकायला ऑस्ट्रेलियात येऊन मी राजघराण्याच्या लग्नाला जाईन, असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण क्लेटन उपनगरात आम्ही विद्यार्थी मिळून राहायचो त्या भाड्याच्या घरातली क्लेअर लिओच्या प्रेमात पडली. ती न्यूयॉर्कच्या पार्ट्या गाजवलेली, घटस्फोटित अमेरिकन. लिओचं घराणं युरोपातलं. गादी कधीच गेली, तोरा तेवढा शिल्लक. पेपरवाल्यांनी क्लेअरला झोडपलं, माहेरच्यांनी पाठ फिरवली. लिओला वाढवणाऱ्या आजीनेही लग्नाला यायला नकार दिला.

त्याच घरात राहणारा वसईचा सॅव्हिओ आणि मी लग्नाला पहाटे निघालो. लग्न हॉल्स गॅपला, लिओच्या घरच्या द्राक्षमळ्यावर होतं; बॅलरॅटमार्गे साडेतीन-चार तास लागतात. वाटेतल्या बेकरीत भाजी भरलेली 'पाय' नावाची पेस्ट्री क्वचितच मिळते, दशम्या बरोबर ठेवा. संध्याकाळी गाडी हळू चालवा, कांगारू आडवे येतात. ग्रॅम्पियन्सचे डोंगर दिसले आणि सह्याद्रीच भेटल्यासारखं वाटून मी मोठमोठ्याने गायला लागले. सॅव्हिओने खिडकी उघडली.

द्राक्षमळ्यावर पोचलो तर क्लेअर रडत होती. आजी आली नाही तर लिओ आयुष्यभर कुढेल, म्हणाली. मी विचारलं, आजीला आमंत्रण कसं दिलं? छापील कार्ड, पोस्टाने. घ्या! त्याच मळ्यावर राहणाऱ्या आजीला पोस्टाने? आमच्याकडे यावरून मांडव डोक्यावर घेतला असता.

आम्हाला उतरायला दिलेल्या केबिनच्या किचनमधले तांदूळ हळदीत घोळवले, नारळ क्लेटनहून आणलाच होता. सॅव्हिओ कुरकुरला, "अगं, ती राजघराण्यातली आहे." मी म्हटलं, "असू दे. वरपक्षाचीच ना?"

आजी ताठ बसलेली. मी वाकून नमस्कार केला, अक्षता हातात दिल्या आणि लग्नाला या म्हणून इंग्रजीत सांगितलं.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"मुलीकडचे."

"तिचं कोणीच आलेलं नाही, असं ऐकलं."

"आम्ही आलोय ना."

तिने सॅव्हिओकडे पाहिलं, नारळाकडे पाहिलं. मग उठायला काठी मागितली. माझा जीव भांड्यात पडला.

लग्न झकास झालं. आजीला अक्षता कधी टाकायच्या ते सांगायचं राहिलं. तिने पाद्रीबाबांच्या पहिल्याच वाक्याला उधळल्या. मी इतकी हसले की पोट दुखलं.

क्लेटनला परतल्यावर पेपर पाहिला. फोटोत राजघराण्याच्या आजी नव्या नातसुनेच्या शेजारी हसतायत, दोन्ही बाजूंना सॅव्हिओ आणि मी. खाली छापलं होतं, वधूकडचं कोणीही उपस्थित नव्हतं. मी चिडले. दुपारी क्लेअरचा फोन आला: आजीने संपादकाला फोन करून दुरुस्ती छापायला लावली आहे, आणि आमची आडनावं कशी लिहायची ते विचारते आहे.