सतरा नंबरचा वाढीव घास

“मी काय गाय आहे का, पुढ्यात टाकून वर मोजत बसायला?”

“गाय असतीस तर गुपचूप खाल्लं असतंस.”

हे भांडण मी कान लावून ऐकलं नव्हतं. आमच्या दोन खोल्यांमधली भिंत एका विटेची. पलीकडे कुणी जांभई दिली तर अलीकडे झोप यायची. त्याच्या त्या उत्तराला मी फिसकन हसले, आणि ते पलीकडे पोचलं असावं, कारण दोघंही एकदम गप्प झाली. मी हसले नसते तर ती आणखी चार शब्द भांडली असती, आणि भांडून मोकळी झाली असती, असं मला पुढं कितीदा तरी वाटलं.

बोलत होती ती मापाड्याची बायको. चौथा महिना लागला होता तिला. मापाडी म्हणजे आमच्या पशुसंशोधन केंद्रातल्या खुराकघरातला माणूस. त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. प्रत्येक गाईपुढं चारा, पेंड, भुसा काट्यावर मोजून टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाणीत जे उरलं असेल ते पुन्हा मोजून कागदावर लिहायचं, हे त्याचं काम. मी त्याच आवारात दुधाच्या बरण्या धुवायची. तो मला मावशी म्हणायचा.

कामावरचा एक जुना छोटा काटा त्यानं साहेबांना विचारून घरी आणला होता. बायकोला अन्नाचा वाससुद्धा सोसत नव्हता, आणि हा तिचं ताट काट्यावर ठेवून म्हणायचा, “अजून शंभर ग्रॅम राहिलंय.” कुठली बाई ऐकून घेईल? ती आईकडं गेली ती परत आलीच नाही. पुढं एक पत्र आलं. मुलगी झाली, तीन किलो दोनशे ग्रॅम. बाकी काही नाही, वजन तेवढं तिनं आठवणीनं लिहिलं होतं. त्यानं ते पत्र मला वाचायला दिलं. मला अक्षरं लावत लावत वाचावं लागतं, म्हणून तो तेवढा वेळ दारात उभा राहिला.

“चांगलं वजन आहे ना, मावशी?”

“वजन चांगलंय. तू तिला जायला लावलंस ते चांगलं नाही.”

तेव्हा त्यानं सांगितलं. त्याच्या आईच्या पोटात तो होता त्या वर्षी कुठं दाणा मिळत नव्हता. आई सहा महिने अर्धपोटी राहिली. थोरला भाऊ भरल्या वर्षातला, तो दगड खाऊन पचवील असा. हा मात्र हाडाचा सापळा, आणि गोडाचं नाव न घेता बत्तिसाव्या वर्षी साखरेचा आजार घेऊन बसलेला.

“हे बायकोला बोललास?”

“उगाच घाबरली असती.”

“आणि न बोलता काटा पुढं ठेवलास, त्यानं तिला धीर आला का रे?”

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना दोष. त्याचा दोष उलटा, त्याची जीभ उचलतच नव्हती.

त्यानंतर त्याला घर असं राहिलं नाही, नुसती खोली राहिली. मुलगी तिकडंच वाढली. भिंतीपलीकडून एकाच भांड्याचा आवाज यायचा. गोठ्यात मात्र त्याची वाट पाहणारी चाळीस जनावरं होती. तो खोकला की चाळीस माना एकदम वळायच्या. इतकी आवभगत मला तर माझ्या लग्नातही मिळाली नव्हती.

मग डॉक्टरीणबाई आल्या. वयानं लहान, चार बुकं नाही तर चार कपाटं शिकलेल्या, पण नळावर माझ्याशेजारी उभं राहून बोलायच्या. चाळीस गाभण गाई घेतल्या. वीस जणींना पोटभर, वीस जणींना मधले तीन महिने तीस टक्के कमी. वासरं झाल्यावर मात्र सगळ्यांना सारखंच. मग वासरांचं रक्त आणि मांसाचा कण काढून पाहायचं.

“हे कशाला हो बाई, गाईला उपाशी ठेवायचं?”

“उपाशी नाही, आजी. कोरड्या वर्षात जितकं मिळतं तितकंच देतोय. जनावराच्या कणाकणात आईबापाकडून आलेली जनुकं असतात. खाण्यानं ती बदलत नाहीत. पण कुठल्या जनुकानं किती काम करायचं, हे खाण्यानं बदलतं. आणि आईच्या पोटात असताना जे ठरतं, ते पुढं बराच काळ तसंच राहू शकतं. माणसाचंही तसंच.”

मी धुण्याच्या खोलीतल्या पाइपांकडं बोट केलं. “म्हणजे पाइप सगळीकडं तेच. कुठली चावी किती उघडी, तेवढं वेगळं.”

“अगदी तसं नाही,” त्या हसल्या, “पण चालेल.”

मापाडी मागं घमेलं घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, “आईच्या पोटात उपास घडला तर साखर होते का, बाई?”

“होण्याचा धोका वाढतो, असं दिसलंय. तुमच्या बाबतीत तेच झालं असं छातीठोक नाही सांगता येणार.”

त्यानं मान हलवली आणि गेला.

कमी खुराकाच्या रांगेत अगदी शेवटी सतरा नंबरची गाय होती. बाकीच्या एकोणीस जणी ओरडून आवार डोक्यावर घ्यायच्या. सतरा नंबर रिकामी गव्हाण चाटत उभी राहायची, चाटून चाटून सिमेंट गुळगुळीत केलेलं. एका सकाळी मी बरण्या घेऊन जाताना पाहिलं. भरपूर खाणाऱ्या गाईंचं उरलेलं मापाड्यानं काट्यावर मोजलं, खरंखरं लिहिलं, आणि घमेलं खतखड्ड्याकडं न नेता सतरा नंबरपुढं पालथं केलं. कागदावर एक ग्रॅम खोटा नव्हता. त्यानं वळून मला पाहिलं.

“मावशी, तुम्ही पाहिलंत.”

“मला डोळ्यांनी दिसतंय कुठं? मोतीबिंदू आहे.”

मोतीबिंदू तेव्हा नव्हता. नंतर झाला, तो त्या खोटेपणाचाच असावा.

“ओरडणाऱ्यांचं मला काही वाटत नाही,” तो म्हणाला. “ही ओरडतच नाही हो.”

तीन महिने रोज हे चाललं. मी पोटात ठेवलं, त्यानं पोटात ठेवलं, आणि सतरा नंबरच्या पोटात वासरू वाढलं.

कालवड झाली. दीड वर्षानं सगळ्या वासरांचे निकाल आले. कमी खुराकाच्या गाईंची वासरं दिसायला बरी होती, पण अंगातली साखर नीट वापरत नव्हती, मांस कमी धरत होती. एकटी सतराची कालवड पोटभरवाल्यांसारखी. डॉक्टरीणबाई कागद हातात घेऊन नळावर आल्या, गाल लाल झालेले.

“आजी, मापाडी, ऐका! हिच्या आईला कमी मिळूनसुद्धा हिच्या चाव्या उघड्याच राहिल्यात. हिच्या वंशात काहीतरी आहे. पुढची पाच वर्षं हिच्यावरच काम करणार मी. कोरड्या भागातल्या लोकांना अशीच जनावरं हवीत.”

मापाडी भुशाचं पोतं शिवत होता. त्याची सुई थांबली. तो गप्प राहिला असता तर कुणाला कळणार होतं? मी तर आंधळी होते. एका बोलण्यानं त्याचा गोठा जाणार, आणि गोठा गेला की त्याला राहणार काय, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. मी बरणीत पाणी सोडलं, मोठ्यानं, म्हणजे बोललाच तर ऐकू जाऊ नये.

त्यानं उठून माझा नळ बंद केला.

“बाई, तिच्या आईला कमी मिळालंच नाही.”

“म्हणजे?”

“मी घालत होतो. उरलेलं.”

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली केला. मग बारीक आवाजात म्हणाल्या, “किती?”

“कधी दीड किलो, कधी दोन. एकदा दोन किलो चारशे.”

“मोजून?”

“मोजल्याशिवाय मी कुणाला काही दिलंय का, बाई?”

मला हसू येणार होतं, पण त्यांचे डोळे भरलेले पाहिले. त्या म्हणाल्या, “मला आधी सांगितलं असतंत तर तेही शिकण्यासारखं होतं. आता एका गाईवरून मी काय म्हणणार?” सतरा नंबर आणि तिची कालवड दोन्ही कागदावरून खोडली गेली. बाईंनी त्याची नोकरी घालवली नाही, वरच्या साहेबांशी त्याच्यासाठी भांडल्या. पण खुराकघराची किल्ली घेतली. पुढं दर मंगळवारी रक्ताच्या बाटल्यांची बर्फाची पेटी बसनं शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवायची, आणि इतर दिवशी ऑफिसची कागदं, एवढंच काम त्याला उरलं.

त्यातलं वाईट ते पुढंच होतं. त्याची चाहूल लागली की गाई उठून हंबरायच्या, खाण्याची वेळ झाली म्हणून. खुराकघरातला नवा माणूस वैतागला. तेव्हा मापाड्याला सांगितलं, गोठ्यावरून जायचं नाही, मागच्या कुंपणाकडून जायचं. नऊ वर्षं तो मागून गेला. खोकला आला तर तोंडावर उपरणं दाबून धरायचा. मी म्हणायची, “अरे, ये ना चहाला.” तो यायचा, अर्धा कप प्यायचा, बिनसाखरेचा, आणि मुलीचं वय सांगायचा. वय त्याला बरोबर माहीत असे, चेहरा माहीत नसे.

या वर्षी त्याच्या पायाची जखम भरेना. त्यातच तो गुरुवारी गेला. त्याआधीच्या मंगळवारी पेटी घेऊन निघाला तेव्हा मी दारातच अडवलं.

“पाय बघ कसा झालाय. दुसऱ्या कुणाला पाठव.”

“दुसरा चहाला थांबेल, मावशी. बर्फ थांबत नाही.”

पेटी खांद्याला लावून तो मागच्या कुंपणानं गेला. बसमध्ये मांडीवर धरून बसला असणार, तसाच बसायचा. प्रयोगशाळेच्या खिडकीत चाळीस बाटल्या एकेक करून मोजून दिल्या, पोच घेतली. चारच्या बसनं परत आला, माझ्या नळावर रिकामी पेटी आतून बाहेरून धुतली, आणि पोचपावती ऑफिसच्या खिळ्याला लावायला पाय ओढत निघून गेला.