माया न सोडलेलं घर

शिवणमावशींचं सगळं आयुष्य मापात गेलं. फितीखाली बोट घालून माप घ्यायचं आणि कापताना शिवणीत बोटभर माया सोडायची, म्हणजे उद्या अंग भरलं तर कपडा उसवून सैल करता येतो. गिऱ्हाईक माया कधी मागत नाही. शिवणाऱ्यानं ती आपणहून ठेवायची असते.

अशी ही मापाची बाई, पण घर घेताना फसली. राहतं घर होतंच. पुढे मशीन चालवायला पाय साथ देणार नाहीत, म्हणून भाड्याचा आधार व्हावा असं दोन खोल्यांचं दुसरं घर कर्ज काढून घेतलं. येणाऱ्या भाड्यातून हप्ता जाईल, असं गणित बँकेच्या साहेबांनीच मांडून दिलं होतं. भाडं आणि हप्ता, अगदी काठाला काठ! यात माया कुठे आहे, हे मावशींनी विचारलंच नाही.

मग व्याज वाढलं आणि हप्ता भाड्याच्या दीडपट झाला. भाडेकरू नर्सबाई वेळच्या वेळी पैसे देणारी, फरशी आरशासारखी ठेवणारी. तिच्यावर किती चढवणार? वरचा फरक मावशी पडदे-अभ्रे शिवून भरत राहिल्या. वर्षभरानं डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, सुईत दोरा जाईना, आणि दोन हप्ते थकले.

नवऱ्याला घेऊन त्या बँकेत गेल्या.

"मुदत वाढवू या," साहेब म्हणाले. "हप्ता कमी होईल."

"फिटेल कधी?"

"तुमच्या एकोणऐंशीव्या वर्षी. दीर्घायुषी व्हा की, मावशी!" साहेब आपल्याच विनोदावर हसले. "नाहीतर भाडेकरू काढा. रिकामं घर घेणारा एजंट आहे आमच्या ओळखीचा."

एजंटचा भाव ऐकून मावशी गारच पडल्या. त्यात कर्जही पुरतं फिटत नव्हतं.

"आणि दोन्ही नको असेल तर?"

"तर मग लिलाव."

बाहेर पायरीवर नवरा म्हणाला, "तीन दारं दाखवली गं त्यानं. तिन्ही विहिरीत उघडणारी."

मावशींना हसू आलं नाही. रात्रंदिवस राबून घेतलेलं घर मातीमोल जाणार होतं, आणि वर एका भल्या बाईला बाहेर काढायचं पाप. पण घर सोडायला सांगायला त्या गेल्या, तर नर्सबाईनंच विचारलं, "मावशी, मी घेतलं तर? दवाखान्याची पतपेढी मला कर्ज द्यायला तयार आहे. भाव बाजाराचा देते."

"अगं, पण त्यावर बँकेचं कर्ज आहे. बँकेच्या माणसाशिवाय मला कुठे कुणाला विकता येतंय?"

"येतं की! पतपेढी तुमचं कर्ज थेट बँकेत भरेल. उरेल ते तुमचं. बँकेकडून फक्त किती कर्ज बाकी आहे त्याचं पत्र आणा."

कर्ज फिटल्याशिवाय घर आपल्या मनानं कुणाला विकताच येत नाही, हा समज मावशींनी इतकी वर्षं उराशी धरला होता. दुसऱ्या दिवशी त्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"असं विकता येतं?"

"येतं ना. पत्र देतो आम्ही."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मावशींचा आवाज चढला. रांगेतल्या माना वळल्या.

"चार वर्षांच्या पोरीचा फ्रॉक शिवते ना, साहेब, तर ती पोर मला सांगायला येत नाही, माया सोडा म्हणून! मी सोडते. कारण ती वाढणार, हे मला ठाऊक असतं. तुम्हाला व्याज वाढणार हे ठाऊक होतं, ही वाट ठाऊक होती. आणि वाट दाखवलीत ती तुमच्या एजंटच्या दाराची! तुमच्याकडे शिवायला टाकलं असतं, तर माणसानं श्वास घेताच कपडा फाटला असता!"

साहेबांनी मान खाली घालून पत्र काढलं. त्यावर तारीख नव्हती. मावशींनी बोट ठेवून ती घालायला लावली.

घर नर्सबाईकडे गेलं. हातात उरलं ते डोळ्याच्या ऑपरेशनपुरतं. मावशी रोज देवापुढे हात जोडतात आणि सगळ्यांसाठी मागतात. साहेबांची पाळी आली की म्हणतात, "देवा, त्याला बुद्धी दे." "क्षमा कर" हे काही अजून तोंडातून निघत नाही.