डांबर लागलेली घोडी

कृष्णातनं वीस वर्षं घोड्या-खेचरांच्या पलटणीत काढली, एवढं खरं होतं. तिथं तो काय करत होता, हे फलटणजवळच्या त्याच्या गावात कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. लोक त्याला हवालदार म्हणू लागले, घोड्यांचा जाणकार म्हणू लागले. त्यानं म्हणू दिलं.

चौऱ्याहत्तर साली गावच्या फाट्यावर डांबरी सडक होत होती. मेंढरं घेऊन कोकणाकडं निघालेल्या सुलाबाई धनगरणीची घोडी डांबराच्या पिंपाला घासली आणि कुशीपासून मांडीपर्यंत काळी झाली. लोकांनी सुलाबाईला कृष्णातकडं धाडलं.

"आमी गोडं तेल चोळतो," ती म्हणाली, "पर समदी म्हनली, हवालदारास्नी इचारा."

पारावरची माणसं बघत होती.

"तेलानं काय हुतंय!" म्हणत कृष्णातनं रॉकेल मागवलं. घोडी उसळत होती, तरी भिजलं फडकं खसाखसा घासलं. उरलेलं विळ्यानं खरवडलं. लोकांनी वाहवा केली. सुलाबाईनं हात जोडले, ते त्याला बघवेनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट रानात पडलेला तळ, हललाच नाही. कृष्णात रानात गेला. घोडीच्या कुशीवर फोड आले होते, कातडं सोललं होतं. तो लाल भाग सोडून सुलाबाई मांडीवरच्या डांबराला बोटांनी तेल चोळत होती. डांबर मऊ पडलं की फडक्यानं टिपत होती. शेजारी रिठ्याचं कोमट पाणी होतं.

"पलटणीत असंच रॉकेल लावत्यात व्हय?" तिनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

कृष्णातची मान वर होईना. "मावशी, म्या कवा घोड्याला हात लावला न्हाई. सैपाकी हुतो तितं. हवालदार बी न्हाई."

"मग काल का न्हाई सांगितलंस?"

"लाज वाटली."

तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग तेलाची वाटी पुढं सरकवली. "केसाच्या कलानं चोळ. नखं लावू नगंस."

त्यानं हात पुढं केला, तशी घोडी कान पाडून थरथरली. त्यानं वाटी खाली ठेवली आणि घागर उचलली. चार दिवस तो विहिरीवरून पाणी आणत राहिला. पाचव्या दिवशी वाडा हलला, तेव्हा पारावर जाऊन त्यानं सगळं सांगितलं. माणसं हसली. दोघं-तिघं उठून गेली.

पुढच्या वर्षी वाडा परत आला. घोडीच्या कुशीवर केस उगवले होते, पण पांढरे. सुलाबाईनं त्याला चहा दिला. घोडी मात्र त्याला बघून दाव्याला हिसके देऊ लागली, म्हणून कपबशी घेऊन तो लांब, बांधावर जाऊन बसला.