आपांच्या खोलीतला सिग्नल

कुणाच्याही घरी गेला की उलुकमान आधी खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर तळहात ठेवायचा, मग सलाम करायचा. भिंतीवर टकटक करून आत लोखंड किती असेल याचा अंदाज घ्यायचा. थंडीत उतरू नयेत म्हणून बॅटऱ्या टोपीत ठेवायचा. चहा निम्माच प्यायचा.

त्याच्या बायकोला, सायकालला, एवढंच आठवतं. रडू येत नाही.

नारिन शहरातल्या त्यांच्या इमारतीत यंदा खोलीखोलीला थर्मोस्टॅट लागणार होते. खोली गार पडली की थर्मोस्टॅटने रेडिएटरच्या व्हॉल्व्हला बिनतारी कळवायचं, व्हॉल्व्हने उघडायचं. कळवायचं कशामार्फत, ते तंत्रज्ञ म्हणून उलुकमानने ठरवायचं होतं. कमिटी म्हणाली, वायफाय घ्या, घरोघरी आहेच.

त्याने वरच्या मजल्यावरच्या बुरुल आपांकडे ते लावून पाहिलं. सकाळी आपा शाल गुंडाळून बसलेल्या. खोलीत गारठा.

“आपा, राउटर कुणी बंद केला?”

“मी. रोजच करते. रात्रभर त्याचे किरण डोक्यात जातात.”

“अहो, मग थर्मोस्टॅट मुका होतो!”

“होऊ दे. तूही हो जरा. चहा घे.”

जिना उतरताना त्याने दारं ठोठावली. इमारतीतल्या सगळ्याच म्हाताऱ्या झोपताना राउटरची पिन काढत होत्या.

“सायकाल, वायफाय घेतलं तर या साऱ्या गारठून जातील गं,” तो म्हणाला.

मग त्याने सिग्नल पाठवणारा दुसऱ्या प्रकारचा रेडिओ आणला. संथ, पण भिंतींतून जाणारा. त्याचा एकच डबा, जिन्याखाली कुलपात. सगळ्या घरांत चालला. फक्त आपांच्या झोपायच्या खोलीत नाही. तिथला रेडिएटर जिन्याकडच्या भिंतीला, आणि त्याच्यामागे ऊब राखायला भिंतभर चंदेरी कागद चिकटवलेला. सिग्नल तिथेच अडत होता.

“काढू का हा?”

“हात तर लावून बघ! आमच्या म्हाताऱ्याने चिकटवलाय.”

“बरं बाई, राहिला. पॅसेजमध्ये छोटा रिपीटर बसवतो, तो दारातून आत सिग्नल देईल. सोमवारी येतो.”

मंगळवारी कमिटी बसणार होती. आपांच्या खोलीत सिग्नल लागला नाही, तर वायफायची ऑर्डर जाणार होती.

रविवारी दोलोनच्या घाटात त्याची गाडी बर्फावरून घसरली. तो वाचला नाही.

कमिटीने बैठक पुढे ढकलली आहे. सायकाल आपांकडे जाऊन बसते. पॅसेजमध्ये रिपीटर खोक्यातच आहे. वर भिंतीवर त्याने पेन्सिलने फुली मारून ठेवली आहे. भोक पाडायचं राहिलं आहे.