दुसरी पोळी, दुसरी बोंब

त्या काळी पुण्यात कर्ज नसणं जरा कमीपणाचंच होतं. ज्याला सावकार दारात उभं करत नाही त्याची पत ती काय! सरदारापासून न्हाव्यापर्यंत सगळे देणेकरी. आमच्या शेजाऱ्याच्या ओट्यावर सावकाराचा माणूस धरणं धरून बसला होता. तो उपाशी, तोवर घरही उपाशी, असा रिवाज. मी पान चघळत तिथं जाई आणि भुकेल्या शेजाऱ्याला सांगे, "अंथरूण पाहून पाय पसरावेत. आमच्याकडे बघा, छदामाचं देणं नाही!"

"बघतोय," शेजारी म्हणे. "थुंकायचं असेल तर आपल्या दारात जाऊन थुंका."

मी खोटं बोलत नव्हतो. मला कर्ज नव्हतं, घोडा होता. दसऱ्याला सोनं लुटायला घोड्यावरून जायचं, या हौसेपायी घेतलेला. दफ्तरातल्या कारकुनाला घोडा कशाला, असं बायकोनं विचारलं. घोड्यालाही तीच शंका असावी, कारण त्यानं मला दफ्तरापर्यंत कधी नेलंच नाही. तो पूर्वी कुणा भुसाऱ्याकडे होता. धान्याचं दुकान दिसलं की थांबे, आणि मी उतरून काही विकत घेईपर्यंत हलत नसे. आमच्या घरी त्या वर्षी सात जातींची डाळ होती.

घोड्याचे पैसे आले गहाणातून. कोथरूडचं कुलकर्णीपण आमचं. तिथल्या होळीत पहिली पोळी पाटलाची, दुसरी आमची. मग बोंबाही त्याच क्रमानं: पहिली पाटलाच्या नावानं, दुसरी कुलकर्ण्याच्या. कुलकर्ण्याबद्दल वर्षभर पोटात साठलेलं सगळं रयत त्या बोंबेत मोकळं करी आणि माझे वडील हसत ऐकत. पण वडील काशीला गेले, गावचं लिहिणं गुमास्त्याकडे गेलं, आणि मी काही होळीच्या धुरात डोळे चोळायला जाणाऱ्यातला नव्हतो.

पेठेतल्या एका सावकाराची कोथरुडात जमीन होती. अर्धं गाव त्याचं देणं लागे, तरी गावच्या बैठकीत मानाचा विडा त्याच्यापुढे सगळ्यांच्या शेवटी येई. तो म्हणाला, "मुद्दल सवडीनं द्या. व्याज नकोच. तोवर तुमचा होळीचा मान माझ्याकडे गहाण राहू दे."

एका पोळीवर घोडा! माणूस खुळा आहे, असं वाटून मी गहाणखतावर घाईनं सही केली. व्याज नाही, मुदत नाही, दारात माणूस नाही; याला कर्ज कोण म्हणेल?

होळीच्या आदल्या दिवशी वडील काशीहून परतले. पाय धुण्याआधीच त्यांनी विचारलं, "घरावर देणं?"

"छदामाचं नाही, बाबा."

"मग उद्या कोथरूडला जाऊ. तिथं गंगेकाठीसुद्धा फाल्गुन लागला की मला आपली होळी दिसायची. आता एकदा हातानं पोळी टाकली, की गेलो तरी चालेल."

बायकोनं मला माजघरात ओढलं. "अहो, सांगा त्यांना."

"काय सांगू? कर्ज कुठं आहे?"

"मग घोडा काय तुमच्या सासऱ्यांनी दिला?"

मी वडिलांना सांगितलं, की घोडा लंगडतो. ते म्हणाले, काशीहून चालत आलेल्या माणसाला कोथरूड जड नाही. मी नदीच्या पाण्याची भीती घातली. "फाल्गुनात?" एवढंच म्हणून त्यांनी सोवळं आवरलं.

होळी पेटली. पाटलानं पोळी टाकली. वडील ताट घेऊन पुढे झाले, आणि दुसऱ्या बाजूनं जरीचं उपरणं सावरत सावरत सावकार. मान पाहायला त्यानं बायको आणि दोन्ही जावई आणले होते.

पाटील ओशाळून म्हणाला, "काका, तुमी काशीत व्हता. मान गहाण हाय."

वडील माझ्याकडे वळले. "तू तर म्हणालास, देणं नाही."

"देणं नाहीच, बाबा. मान आपलाच आहे. फक्त सावकारांकडे आहे."

गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "म्हंजी म्हैस तुमची, दूध सावकाराचं. आन् शेण कुनाचं?"

सगळे हसले. वडील हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ताट छातीशी धरून ते मागे सरले, सावकाराला वाट द्यायला.

मग ते हळूच पाटलाला म्हणाले, "पोळी त्यांची, कबूल. पण बोंब तरी माझ्या नावानं होऊ द्या. इतक्या लांबून आलोय."

"तसं कसं, काका? ज्याची पोळी त्याची बोंब. ह्ये गावचं चालत आल्यालं हाय."

गर्दी पुढे सरकली. कुणी खाकरून घसा साफ केला. दोघांनी बाह्या सारल्या. सावकारानं सभोवार नजर फिरवली. उजेडात दिसणारा प्रत्येक चेहरा त्याचा देणेकरी होता, आणि शब्द जुळवून तयार होता.

"बोंब गहाणखतात लिहिलेली नाही," तो म्हणाला.

"होळीबी लिवल्याली न्हाई, तरी पेटतीया न्हवं? टाका पोळी, सावकार!" म्हातारा म्हणाला.

सावकारानं जावयांकडे पाहिलं. मग हातातली पोळी परत आपल्या ताटात ठेवली. "मला मान नको. माझे पैसे आणा!"

वडिलांनी पोळी टाकली. दुसरी बोंब त्यांच्या नावानं उठली. तीत त्यांची जमिनीची मोजणी निघाली, चिकटपणा निघाला, तीन पिढ्या निघाल्या. ते डोळे पुसत मान डोलावत होते. तिसरी बोंब गावानं नव्यानंच काढली, माझ्या नावानं. घोड्यासकट.

सकाळी सावकाराचा माणूस आमच्या ओट्यावर हजर. स्वयंपाक झाकून ठेवला. शेजारी पान चघळत आला.

"का हो," त्यानं विचारलं, "गहाण कर्जात धरतात का?"

"धरतात," मी म्हणालो.

दुपारी मुद्दलाच्या निम्म्यात घोडा द्यायचं ठरलं, उरलेलं पगारातून. धरणं उठलं. तो माणूस ऐटीत घोड्यावर बसून निघाला आणि कोपऱ्यावरच्या भुसाऱ्यापुढे थांबला. टाच मारली, लगाम ओढला, हात जोडले. मी दारातून बघत होतो.

"आत ये," वडील म्हणाले. "त्याला उशीर लागेल. पानं वाढलीत."