महालाच्या बागेतला पाट

भुताखेतांविरुद्ध पत्रकं वाटणारा माणूस मी. आता हा काय सांगतोय म्हणून हसाल... हसा. तरी लिहिणारच.

लातूर जिल्हा नवाच झाला होता. कचेरीवर फलक नवा, साहेबांच्या जीपा नव्या — आणि उदगीरकडच्या आमच्या वाडीत बायका झऱ्यातून वाटीनं पाणी भरत होत्या. टँकर मंजूर होईना. का? तर वाडीला लागून जहागीरदाराचा महाल, आणि त्याच्या बागेतली विहीर कागदावर पाण्याची! राखणदार पाणी लपवतोय, असं पत्रक मीच छापलं होतं.

पंचनाम्याला तलाठी आले, पंच मी. भर दुपार. राखणदार शिवलिंगप्पांनी फाटक उघडलं.

"या पुढारी. पाणी घावलं तर मलाबी पाजा."

विहिरीत दगड टाकला. खडकावर खण्णकन वाजला. तलाठी पायरीवर बसून लिहू लागले. मला पटेना. एकटाच बागेत शिरलो. कोरडं कारंजं, करपलेली मोसंबी... आणि आंब्यांपलीकडं एक म्हातारा खोऱ्यानं दारं धरत होता. एक आळं भरलं की बांध फोडून पाणी पुढच्या आळ्यात. पाट भरून वाहत होता! मी आत उतरलो. घोट्यापर्यंत गार पाणी.

"कुठून आणलं हे पाणी?" मी ओरडलो.

त्यानं मान वर केली नाही. "वरडू नगं. बांध फुटलाय तिथं पाय देऊन हुबा ऱ्हा. हलू नगं."

मी पाय दिला. क्षणभरच. मग पुरावा सापडल्याच्या तोऱ्यात तलाठ्यांना आणायला पळालो.

परत आलो तर... पाट भेगाळलेला. माणूस नाही, ओल नाही.

"काय लिहू?" तलाठी वैतागले. "पाणी आहे लिहिलं की टँकर गेला, सांगून ठेवतो."

शिवलिंगप्पा माझ्या पायांकडं बघत होते. दोन्ही चपला चिखलानं भरलेल्या.

"बांध सोडून आलास व्हय रं?" ते हळूच म्हणाले आणि फाटकाकडं वळले.

'विहीर कोरडी' याखाली मी सही केली. चौथ्या दिवशी टँकर आला. शिवलिंगप्पांची माफी मागितली, त्यांच्यावरची पत्रकं जाळली.

सही खरी की खोटी, अजून ठरवता येत नाही. चिखल कुठला, तेही नाही. पण बांध मी सोडला होता — एवढं नक्की.